साडेआठला अंथरुणात, दहाला झोप : रात्रीच्या पुस्तकांची निवड कुठे चुकत होती

पार्श्वभूमी

घरात दोन मुलं. मोठी मुलगी पावणेपाच वर्षांची, धाकटा सव्वादोन वर्षांचा. रात्री वाचून दाखवणारी माणसं तीन : आई आठवड्यातले चार दिवस, बाबा दोन दिवस आणि एक दिवस आजी. वाचनाची सवय धाकट्याच्या जन्माआधीपासूनची. कपाटात सत्तरेक पुस्तकं होती आणि त्यातली बरीचशी खरोखर चांगली होती. मुलांना पुस्तकांची गोडी नाही, ही तक्रार इथे नव्हतीच. उलट गोडी जरा जास्तच होती.

साडेआठला मोठा दिवा बंद व्हायचा, उशाशी पिवळा छोटा दिवा लागायचा आणि वाचन सुरू व्हायचं. प्रत्यक्षात झोप लागेपर्यंत पावणेदहा, कधी दहा. सकाळी सातला दोघांना उठवावं लागे. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली दिलेल्या शिफारशीनुसार १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसाची झोप धरून ११ ते १४ तास आणि ३ ते ५ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप हवी. मोठीची दुपारची झोप सुटलेली, म्हणजे तिचे जेमतेम ९ तास होत होते. धाकट्याचे दुपारचे दीड तास धरले तरी साडेदहाच भरत.

अडचण

आईबाबांनी मांडलेल्या गोष्टी चार होत्या. एक, प्रत्येक पुस्तक संपलं की “आणखी एक!” दोन, धाकटा पानं ओढतो आणि फाडतो. तीन, गेल्या दोन महिन्यांत मोठी चार-पाच वेळा पहाटे रडत उठली. चौथी गोष्ट त्यांनी तक्रार म्हणून नाही, कौतुक म्हणून सांगितली : आजी वाचते त्या रात्री मुलं लवकर झोपतात.

आजीच्या रात्रीचं श्रेय सगळे आजीच्या शांत स्वभावाला देत होते. ती कोणतं पुस्तक वाचते, हे कुणी विचारलंच नव्हतं. बाकी सगळ्याचं निदान ठरलेलं होतं : मोठी हट्टी आहे आणि धाकटा तिचं बघून शिकतो.

सात रात्रींची वही

काहीही बदलण्याआधी एक आठवडा फक्त नोंद ठेवायची ठरलं. वहीत पाच रकाने : पुस्तक कोणतं, कोणी निवडलं, किती मिनिटं लागली, शेवटच्या पानानंतर मूल पहिलं वाक्य काय बोललं, झोप किती वाजता लागली. चौथा रकाना सगळ्यात उपयोगी ठरला.

रात्री सरासरी चार पुस्तकं वाचली जात होती. आजीची रात्र सोडली तर दिवा विझण्याआधीचं शेवटचं पुस्तक मुलंच निवडत. पाच रात्री ते पुस्तक अंग हलवायला लावणारं होतं : दोनदा खिडक्या उघडायचं, एकदा बटण दाबून प्राण्यांचे आवाज ऐकायचं, एकदा गर्दीच्या चित्रात वस्तू शोधायचं आणि एकदा ओरडून म्हणायच्या गाण्यांचं.

खिडक्यांचं पुस्तक जवळून बघण्यासारखं आहे. बारा खिडक्या, प्रत्येकीमागे एक प्राणी. शेवटच्या पानावर पुठ्ठ्याची पेटी आणि तिला झाकण. झाकण उचललं की बेडूक बाहेर येतो. खाली ओळ असते : “पुन्हा शोधशील मला?” या प्रश्नाला सव्वादोन वर्षांच्या मुलाकडे उत्तर एकच असतं. वहीत त्या रात्रीच्या चौथ्या रकान्यात लिहिलंय, “हो! परत!” पुस्तकाने जे मागितलं तेच मुलगा करत होता. हट्ट वगैरे काही नव्हता.

दुसरी गोष्ट आईच्या वाचण्याच्या पद्धतीची. ती प्रत्येक पानावर थांबून विचारत होती : हा कुठे चाललाय? का चिडलाय? तू असतीस तर काय केलं असतंस? प्रश्न विचारत, मुलाच्या उत्तरात भर घालत वाचायची ही पद्धत १९८८ च्या सुमारास झालेल्या अभ्यासांपासून चांगलीच मान्य झालेली आहे आणि भाषेसाठी तिचा फायदा होतो. पण ती मुलाला जागं करणारी पद्धत आहे. सहा मिनिटांची गोष्ट आईच्या हातात पंधरा मिनिटं चालत होती आणि गोष्ट संपेपर्यंत मोठी उठून बसलेली असायची.

आजीच्या रात्रीची नोंद एका ओळीची होती. पुस्तक एकच, २१ मिनिटांत दोनदा वाचलं, झोप ९ वाजून ५ मिनिटांनी. विचारल्यावर कळलं की मंद दिव्यात आजीला बाकीच्या पुस्तकांची अक्षरं दिसत नाहीत. म्हणून ती दर वेळी ठळक अक्षरांचं तेच पुस्तक काढते, सावकाश वाचते आणि संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करते.

समोरचे पर्याय

वाचन आठला सुरू करणं हा पहिला विचार. घरची कामं आणि मोठ्यांची परतायची वेळ बघता ते आठवड्यातून जेमतेम तीन दिवस जमलं असतं. शिवाय शेवटचं पुस्तक बेडकाचंच राहिलं तर फक्त गोंधळ अर्धा तास अलीकडे सरकला असता.

एका रात्री एकच पुस्तक, हा नियम सोपा आणि स्वच्छ. पण वयातलं अंतर अडीच वर्षांचं. मोठीला आता सलग गोष्ट हवी होती आणि धाकट्याला पानाला एक वाक्य पुरत होतं. एकच पुस्तक म्हणजे रोज कुणाचं, यावर रडारड.

दोघांना वेगळ्या खोल्यांत वाचून दाखवणं कागदावर उत्तम. त्याला रोज रात्री दोन मोकळी माणसं लागतात आणि आठवड्यातले तीन दिवस घरी एकच माणूस असे.

टॅबवरच्या गोष्टींचा पर्याय बाबांनी सुचवला आणि तो सगळ्यात लवकर बाद झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त १ तास आहे, आणि झोपण्याआधीचा प्रकाश झोप पुढे ढकलतो. नुसत्या ऐकायच्या गोष्टी तुलनेने बऱ्या. पण रेकॉर्डिंगला मुलाचे डोळे जड झालेले कळत नाहीत आणि ते आवाज खाली आणत नाही.

राहिला पाचवा पर्याय : पुस्तकांची संख्या ठरवून टाकायची आणि निवड व क्रम बदलायचा. तोच घेतला.

चाळणी

एका सुट्टीच्या दिवशी, मुलं झोपलेली असताना, आईबाबांनी सगळी पुस्तकं उशाच्या दिव्याखाली बसून तपासली. दोन तास लागले. मोठा दिवा लावून तपासली असती तर निम्मी चाळणी चुकली असती.

सुरुवात शेवटच्या दोन जोडपानांपासून केली. पुस्तक प्रश्नावर, धक्क्यावर, पाठलागावर किंवा “आणि मग सगळे नाचू लागले” यावर संपत असेल तर ते दिवसाच्या गठ्ठ्यात. पात्र घरी येतं, अंधार पडतो, कुणी कुणाच्या कुशीत शिरतं, वाक्यं लहान होत जातात, असं असेल तर रात्रीच्या. मधला भाग कितीही मजेशीर असला तरी चालतो, उतार शेवटी हवा. या एका कसोटीत ७० पैकी ३१ पुस्तकं उरली.

मग मोठ्याने वाचून घड्याळ लावलं. चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात, कारण छापील ताव घडी घालून ८ किंवा १६ पानांच्या पटीत येतो. पण पानं सारखी म्हणून वेळ सारखा लागतो असं नाही. निजवण्याच्या वेगाने मराठी वाचताना मिनिटाला साधारण ८० ते १०० शब्द होतात, म्हणजे ५०० शब्दांच्या गोष्टीला चित्रांवरचा थांबा धरून सात-आठ मिनिटं. दहा मिनिटांवर गेलेली पुस्तकं बाजूला काढली. राहिली २४.

तिसरी कसोटी जिभेची. अनुवादित पुस्तकांत अशी वाक्यं भेटतात : “त्याने आपले डोके हलवले व तो उद्गारला.” डोळ्यांनी वाचताना खटकत नाही, तोंडाने वाचताना पेंगुळलेला माणूस हमखास अडखळतो आणि मूल टक्क जागं होतं. मग आई “मान हलवून तो म्हणाला” असं वाचते, बाबा तिसरंच काहीतरी, आणि मोठी दोघांना दुरुस्त करते. गोष्ट आवडती असेल तर तोंडात बसणारं वाक्य पेन्सिलीने पानावरच लिहून ठेवायचं, म्हणजे तिघं वाचणारे एकच वाचतील. यमकाच्या अनुवादांना मात्र हा इलाज चालत नाही. लय मोडलेली असली की ती मोडलेलीच राहते. तशी चार काढून टाकली.

उरलेल्या वीसमध्ये अक्षरांनी आणखी सात बाद केली, आणि गंमत म्हणजे ती खास “रात्रीची” म्हणून घेतलेली होती. चंद्र, चांदण्या, गडद निळं आभाळ आणि त्या निळ्यावर काळी अक्षरं. भर दिवसा देखणी, मंद दिव्यात न वाचता येणारी. दोन पुस्तकांचा कागद इतका गुळगुळीत होता की दिव्याचा गोळा नेमका ओळींवर चमकायचा. हात लांब करून, पडल्या पडल्या ओळ वाचता येते का, एवढंच बघायचं.

शेवटी उरली १३. त्यात धाकट्याची जाड पुठ्ठ्याची पाच.

काय केलं

अंथरुणाजवळ एक टोपली आली. तिच्यात सहाच पुस्तकं, मुखपृष्ठं समोर दिसतील अशी उभी. सत्तर कणे दिसत असले की मूल निवडत नाही, उपसतं. दर दहा दिवसांनी सहापैकी दोन बदलायची, चार तशीच. सगळी एकदम बदलली की पुन्हा नवलाई आणि पुन्हा जाग.

क्रम असा ठरला. पहिलं पुस्तक मोठीच्या आवडीचं, गप्पा आणि प्रश्नांसह, दहा मिनिटांपर्यंत. ते बसून वाचायचं. दुसरं धाकट्याचं, तीन-चार मिनिटांचं. ते आडवं होऊन. तिसरं ठरलेलं : रोज तेच, मुलांनी न निवडता, प्रश्न न विचारता. मोठ्यांनी त्याला “दिवा विझवायचं पुस्तक” म्हणायला सुरुवात केली आणि मुलांनी ते नाव उचललं. अर्थातच ते आजीचं पुस्तक होतं.

रोज तेच वाचून मुलं कंटाळतील, ही भीती मोठ्यांची असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांनी वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपेक्षा नवे शब्द चांगले आत्मसात केले होते. झोपेसाठी कारण आणखी साधं आहे. पुढचं पान माहीत असलं की ते बघायला डोळे उघडे ठेवावे लागत नाहीत.

फाटणाऱ्या पानांचा प्रश्न वेगळाच निघाला. दोन वर्षांच्या मुलाला पातळ कागदाचं एकच पान चिमटीत धरणं जमत नाही. तो दोन-तीन पानं एकदम धरतो आणि ओढतो. धाकट्याला फाडायचं नव्हतं, उलटायचं होतं. त्याच्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात पान उलटायचं काम पूर्णपणे त्याच्याकडे दिलं आणि मोठीचं वाचन चालू असताना हातात धरायला दुसरं पुठ्ठ्याचं पुस्तक दिलं. दोघं वाचणाऱ्याच्या दोन बाजूंना. एकाच बाजूला असली की आतल्या मुलाला अर्धं चित्र दिसत नाही आणि भांडण तिथून सुरू होतं.

एक चूक पहिल्याच आठवड्यात झाली. दिवसाच्या गठ्ठ्यातली पुस्तकं कपाटाच्या वरच्या खणात गेली. धाकटा दोन दिवस खणाकडे बोट दाखवून रडला. त्याच्या दृष्टीने बेडकाला शिक्षा झाली होती. तिसऱ्या दिवशी ती सगळी खालच्या खणात, त्याच्या हाताला लागतील अशी आली, आणि “बेडूक सकाळी” हे वाक्य घरात रुळलं. बटणाच्या पुस्तकातली बॅटरी काढून टाकायचा मोह आईबाबांनी टाळला, ते बरं केलं. मुलाला फसवलेलं कळतं.

भीतीचा अंदाज चुकला

पहाटेच्या रडण्याचं खापर सुरुवातीलाच एका पुस्तकावर फुटलं होतं. त्यात दातांची रांग असलेला हिरवा राक्षस होता. तो हटवला. पुढच्या पंधरा दिवसांत मोठी पुन्हा दोनदा रडत उठली.

ती उठायची पहाटे चारच्या पुढे, पूर्ण जागी असायची, आईला ओळखायची आणि “तू नव्हतीस” असं सांगायची. वाईट स्वप्नांचं हेच लक्षण : ती रात्रीच्या उत्तरार्धात पडतात आणि आठवतात. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत मूल किंचाळत उठतं, कुणाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तो प्रकार निराळा.

“तू नव्हतीस” हे शब्द कुणी पुस्तकाशी जोडले नव्हते. ते जोडले गेले बाबांच्या एका रात्रीमुळे. रात्रीच्या तेरांमध्ये एक बदकांचं पुस्तक होतं, सगळ्या कसोट्या पार केलेलं. पिल्लं आईमागे पोहत जातात, एक मागे राहतं, शेवटी सापडतं, सगळी पंखाखाली झोपतात. बाबांच्या लक्षात आलं की एका ठिकाणी मोठी पुढे होऊन दोन पानं एकदम उलटते. मधलं जोडपान उघडलं तर तिथे फक्त पाणी, लव्हाळ्याच्या चार काड्या आणि कोपऱ्यात एकटं पिल्लू. मजकूर शून्य. मोठ्यांनी दोन सेकंदांत ओलांडलेलं पान.

मोठी माणसं भीती दात आणि नखांमध्ये शोधतात. या वयात रिकामं पाणी, उघडं दार, मोकळं अंथरूण जास्त बोचू शकतं, कारण राक्षस खोटा असतो हे एव्हाना ऐकून झालेलं असतं, आई दिसेनाशी होणं मात्र खरंच घडतं.

इथे निर्णय दोन होते. पुस्तक गुपचूप गायब करायचं की त्याविषयी बोलायचं? आणि बोलायचं तर कधी? रात्री त्या पानावर थांबून “तुला भीती वाटते का?” असं विचारायचं नाही, हे पक्कं ठरलं. तो प्रश्न दिवा विझण्याआधी उघडला तर पुढचा अर्धा तास गेला. बाबांनी दुपारी, उजेडात, मोठीच्या हातात पुस्तक दिलं आणि पानं तिलाच उलटू दिली. तिसऱ्या दिवशी ती त्या पानावर थांबली आणि म्हणाली, “आई इथे आहे, पानाच्या बाहेर.” पुस्तक तिनेच खालच्या खणात ठेवलं. राक्षस मात्र तिच्या मागणीवरून परत आला आणि पहिल्या पुस्तकाच्या जागी बसला.

पुढच्या महिन्यात ती एकदाच पहाटे उठली. त्याच दिवसांत आईचं बाहेरगावचं कामही थांबलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय पुस्तक हलवण्याला देणं बरोबर नाही.

परिणाम

सहा आठवड्यांनी पुन्हा सात रात्रींची नोंद घेतली. वाचन २२ ते २५ मिनिटं. पाच रात्री झोप सव्वानऊच्या आत. उरलेल्या दोन रात्री धाकटा दुपारी चारनंतर झोपलेला होता, तिथे कोणतंही पुस्तक चालणार नव्हतं. “आणखी एक” ही मागणी आठवड्यातून दोनदा आली, दोन्ही वेळा दुसऱ्या पुस्तकानंतर. दिवा विझवायच्या पुस्तकानंतर एकदाही नाही.

ते पुस्तक १९ रात्री चाललं. मग मोठी कंटाळली, धाकटा नाही. एका झटक्यात न बदलता आठवडाभर जुनं आणि नवं अशी दोन्ही पुस्तकं एकाआड एक रात्री वाचली. एकदा परगावी जाताना पुस्तक घरीच राहिलं. बाबांनी अंधारात तोंडपाठ म्हटलं आणि चुकलेली ओळ धाकट्याने सांगितली.

वेगळं काय करता आलं असतं

आजीला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. चाललेली एक रात्र ही न चाललेल्या सहा रात्रींपेक्षा जास्त सांगते, आणि तीच “स्वभाव” म्हणून बाजूला ठेवली गेली.

बदल एकाच आठवड्यात फार झाले : टोपली, क्रम, संख्या, प्रश्न बंद. नेमका कशाचा किती उपयोग झाला, हे त्यामुळे वेगळं काढता येत नाही. फक्त शेवटचं पुस्तक बदलून दहा दिवस थांबायला हवं होतं. वहीवरून असं दिसतं की निम्म्याहून जास्त फरक तेवढ्यानेच पडला असता. चाळणीत मोठीला घेतलं असतं तर बदकांचं ते पान कदाचित तेव्हाच कळलं असतं. पावणेपाच वर्षांचं मूल “हे सकाळचं, हे रात्रीचं” असे दोन गठ्ठे सहज करतं आणि त्याची कारणं ऐकण्यासारखी असतात.

आता मोठी प्रकरणांची लांब गोष्ट मागते आहे आणि तिथे अडचण नव्याने उभी राहते. लेखक प्रकरण नेमकं उत्कंठेवर संपवतो, वाचणारा तिथे पुस्तक मिटतो आणि मूल छताकडे बघत पडून राहतं. त्यावर सध्या असं चालू आहे : आदल्या रात्रीचा उरलेला शेवट आधी वाचायचा, पुढचं प्रकरण सुरू करायचं आणि ते संपण्याच्या एक-दोन पानं आधी, पात्रं जेवायला किंवा विसाव्याला टेकली की तिथे खूण घालून थांबायचं. खूण कुठे घालायची ते वाचणाऱ्याने दुपारीच बघून ठेवायचं. त्यानंतर दिवा विझवायचं पुस्तक आहेच. या आठवड्यात धाकट्याने पुन्हा आजीचंच काढलंय.